गोकुळा आणि लाखेचं पाखरू

आमच्या चिखलटोल्यात लाखेच्या रिकाम्या काड्या वीस-एकवीस दिवसांत झाडावरून उतरवतात. आजूबाजूच्या गावांतही आता तसंच करतात. हे शहाणपण इस्तारीचं, असं सगळे सांगतात. इस्तारी म्हणजे माझे वडील. त्यांच्या तेरवीला एका पाहुण्यानं उभं राहून त्यावर भाषणच ठोकलं, तेव्हा मी ताटावरून उठून मागच्या अंगणात गेले. मला ते ऐकवेना. ते शहाणपण त्यांचं नव्हतंच. ते माझ्या मोठ्या मायचं, गोकुळाचं होतं, आणि त्यापायी तिचं घर गेलं.

मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. थोरल्याचं नाव लटारू. मी जन्मायच्या आधीच तो गेला, त्यामुळे इथून पुढचं बरंचसं मी आईकडून ऐकलेलं आहे, थोडं गावातल्या म्हाताऱ्यांकडून आणि अगदी थोडं खुद्द मोठ्या मायकडून. छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. खरं बोला म्हणून पोरांच्या हातावर छड्या दिल्या. आता सत्तरी आली आणि घरातलंच खरं पोटात ठेवून मला झोप लागत नाही. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

गोष्ट चौपन्न सालच्या दिवाळीनंतरची. तेव्हा आमची राजधानी नागपूर होती आणि जिल्ह्याला चांदा म्हणत. चिखलटोला वडशाहून पायी चार कोस. आम्ही धिवर. गावाला एक मोठी बोडी, म्हणजे तळं. त्यात मासे धरायचे, खालच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धान लावायचं, आणि उरलेल्या दिवसांत जिथे मजुरी मिळेल तिथे जायचं. लाख आमच्याकडे कुणाच्या बापजाद्यांनी केली नव्हती. ती गोकुळा घेऊन आली.

तिचं माहेर कुरखेड्याच्या पलीकडचं, रानातलं. तिच्या बापाकडे लाखेची झाडं होती, आणि आंदणात त्यानं भांड्यांबरोबर लाखेच्या काड्यांचा एक भारा दिला. चिखलटोल्यानं त्यावर महिनाभर हसून घेतलं. "लटारूच्या सासऱ्यानं पोरीसंगं झाडाची खरूज देल्ली," असं म्हणत. लटारू मात्र हसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं आमच्या धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे अठ्ठावीस पळस छाटले, बायको सांगेल तसे, आणि काड्या बांधल्या. दुसऱ्या वर्षी वडशाचा व्यापारी स्वतः बैलगाडी घेऊन आला. मग हसणारे गप्प झाले, आणि थोडे जळूही लागले.

लाख म्हणजे झाडाचा चीक, असं शहरातले लोक समजतात. तो चीक नव्हे, ते किड्यांचं घर आहे. लाखेनं भरलेली काडी कापून दुसऱ्या झाडाच्या कोवळ्या फांदीला बांधायची. काही दिवसांत तिच्यातून शेंदरी धुळीसारखी पिल्लं निघतात, फांदीवर चढतात, जागा धरून साल टोचतात आणि रस पिऊ लागतात. मादी एकदा बसली की मरेपर्यंत हलत नाही. बसल्या जागी अंगातून लाख काढते आणि तिच्याखाली स्वतःला गाडून घेते. अशा हजारो जणींची घरं एकमेकींना चिकटली की काडीवर लाखेचा थर चढतो.

पण त्या थरात चोरही राहतो. एक लहानसं पाखरू आहे, पतंगाच्या जातीचं. पंख मिटून बसलं तर करंगळीच्या नखावर मावतं. रंग पांढरा, त्यावर फिकट गुलाबी झाक. दिसायला इतकं गरीब की कुणी हात उगारणार नाही. त्याची मादी लाखेवर एकेक अंडं सुटं सुटं घालते. अळी निघते ती थेट आत शिरते आणि पुन्हा उजेडात येत नाही. आतल्या आत बोगदा करत, विष्ठा मागे सोडत, एकापाठोपाठ एक लाखकिडे खात जाते. पुढे मी एका सरकारी पुस्तिकेत वाचलं की एक अळी चाळीस-पन्नास किड्यांचा फडशा पाडते. मोठ्या मायला आकडा ठाऊक नव्हता, पण लाखेचा पापुद्रा उचलून आतले विष्ठेचे गुलाबीसर दाणे बोटावर घेतले की अळी किती मोठी झाली हे ती सांगू शके. पोट भरलं की अळी लाखेतच कोनाडा करून कोष विणते, आणि बाहेर पडायच्या जागी एक पातळ गोल झाकण ठेवते. पाखरू तयार झालं की ते झाकण ढकलायचं आणि निघायचं.

आता अडचण अशी, की बांधलेल्या काडीतून लाखेची पिल्लं निघून जातात, पण पाखराच्या अळ्या आणि कोष त्या रिकाम्या काडीतच असतात. काडी तिथेच राहिली तर पाखरं निघतात आणि शेजारीच नुकत्या बसलेल्या पिल्लांवर अंडी घालतात. म्हणून काड्या बांधल्यापासून वीस-एकवीस दिवसांत उतरवायच्या. गोकुळाच्या माहेरी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चिखलटोल्यात ते फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक गेला.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी लटारूनं काड्या बांधायला घेतल्या. बांधणीच्या दुसऱ्याच दिवशी त्याला हिव भरलं. आमच्याकडे हिवताप नवा नव्हता, पण या वेळी तो डोक्यात चढला. काड्यांतून पिल्लं फुटायला लागली होती, त्यामुळे थांबायची सोय नव्हती. तो अंगावर घोंगडी घेऊन झाडांवर चढला आणि चार दिवसांत अठ्ठावीस झाडं बांधून काढली. प्रत्येक झाडाला पाच-सहा काड्या, प्रत्येक काडी दोन टोकांना जाळ्याच्या सुतानं बांधलेली. धिवराचा हात, गाठ जाळ्याचीच पडणार. ओढावी तितकी घट्ट बसणारी. बांधायला घेतल्यापासून सहाव्या दिवशी तो गेला. तीस वर्षांचाही नव्हता.

आमच्या गावची एक चाल होती. धिवर मेला की त्याचं जाळं मागच्या अंगणात बांबूला टांगायचं आणि वर्षभर त्याची एक गाठ सोडायची नाही. त्याचा हात अजून त्यात असतो, असं म्हणत. वर्षाच्या आत विधवेनंच गाठ सोडली, तर त्याचा अर्थ ठरलेला: ती नवऱ्यापासून मोकळी झाली, तिला पाट लावायचा आहे, म्हणजे दुसरं लग्न. मग तिनं खुशाल पाट लावावा, कुणी आडवं येत नसे. पण मेलेल्याच्या घरावर, शेतावर तिचा शब्द उरत नसे. जाळ्यापुरती ही चाल ठीक होती. वर्षभर जाळं टांगून राहिल्यानं माशांचं काही बिघडत नाही. लाखेच्या झाडावर मेलेल्या माणसाच्या गाठी राहतील, हा प्रसंग त्या चालीवर कधी आलाच नव्हता.

तेरा दिवस गोकुळाला मागच्या खोलीत बसवलं. विधवेनं उंबरा ओलांडायचा नाही. माझी आई, वच्छला, तिला भाकर नेऊन देई. आई सांगायची, ती बसलेली कधी दिसलीच नाही. त्या एवढ्याशा खोलीत ही भिंत ते ती भिंत, ती भिंत ते ही भिंत. आई दारात आली की एकच विचारायची.

"आज कितवा दिवस, वच्छला?"

आई सांगायची, पाचवा, सहावा, सातवा. बायका डोळ्यांना पदर लावत, बिचारी नवऱ्याचे दिवस मोजते. दहाव्या दिवशी आई म्हणाली, "आज धावा. उद्या अकरावा." तेव्हा गोकुळा पुटपुटली, "म्हंजे आज पंधरावा." ती बांधणीपासून मोजत होती. आईनं ते बाहेर येऊन सांगितलं. सांगायला नको होतं, हे तिलाही पुढे कळलं. गावभर झालं, नवरा जाऊन पंधरवडा नाही आणि हिला लाखेची पडली आहे. मलाही लहानपणी ते ऐकून मोठ्या मायचा रागच आला होता. आता वाटतं, त्या खोलीत तिला रडायला उसंत तरी होती का? डोळे मिटले की तिला अळ्या मोठ्या होताना दिसत असणार.

तेरवी झाली तो अठरावा दिवस. एकोणिसाव्याला, बायका धान कापायला निघायच्या आत, ती धुऱ्यावर पोचली. पिल्लं उत्तम बसली होती. फांद्या लालसर दिसत होत्या, बोट ठेवायला जागा नाही अशी दाट बसली होती. तिनं एका काडीवरून लाखेचा पापुद्रा नखानं उचलला. आत कोष. दुसऱ्या काडीवर उचलला. कोष. तिसऱ्या काडीवर ती पातळ गोल झाकणं नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

गाठ न सोडता काडी उपसून निघते का, ते तिनं पाहिलं. दोन्ही टोकं करकचून बांधलेली. जोर लावला तसं सूत सालीत रुतलं आणि फांदीच कडकन मोडली, बसलेल्या पिल्लांसकट. दुसऱ्या झाडावरही तेच. मग तिनं आपलं एक जुनं लुगडं फाडून काड्यांभोवती गुंडाळून पाहिलं, म्हणजे पाखरं निघाली तरी आतच अडकतील. लुगडं तीन झाडांत संपलं. अंगावरचं धरून तिच्याकडे आणखी दोन होती.

दुपारी ती देवाजीकडे गेली. देवाजी जातीतला सर्वांत वडील माणूस, पंचांचा म्होरक्या. वाईट नव्हता. चालीरीतींच्या बाबतीत मात्र सरकारी टपालासारखा, आलेलं जसंच्या तसं पुढे देणारा.

"देवाजीभाऊ, काड्या उतरवा लागते. आज एकोणिसावा दिवस हाय."

"बांधल्या कोणं?"

"तुमाले माहीत हाय कोणं बांधल्या."

"मंग वरीस सरू दे, बाई."

"वरीस सरन तवरिक पाखरू सारी लाख खाऊन टाकन. चार दिवस बी नाई थांबत थे."

"कोन्तं पाखरू?"

तिनं मोडलेल्या फांदीवरची काडी पुढे केली. देवाजीनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. "मले तं याच्यात काईच दिसून नाई राह्यलं." मग जरा विचार करून म्हणाला, "एक गोष्ट हाय. घरचा माणूस पंचायले सांगन का माह्या म्हणण्यावरून सोडल्या, तं कोणी तुले बोट लावणार नाई. इस्तारीले इचार."

म्हणजे सगळं माझ्या वडिलांवर आलं. ते तेव्हा पंचविशीतले. दोन्ही भावांचं घर एकच, चूल एकच, शेतीत मात्र वाटे ठरलेले, आणि अठ्ठावीस पळसांचा धुरा लटारूच्या वाट्यातला. मूल नसलेली विधवा नवऱ्याच्या नावानं घरात राहिली तर तो वाटा तिच्याकडे राही. ती पाट लावून गेली तर धाकट्या भावाकडे येई. हे त्या घरात कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती.

विसाव्या दिवशी सकाळी वडील बैल सोडत होते. गोकुळा गोठ्याच्या दाराशी उभी राहिली, या पायावरून त्या पायावर होत. देवाजी काय म्हणाला ते तिनं सांगितलं. "भाऊजी, तुमी एक शब्द सांगा पंचायले. बाकी सारं मी करतो."

वडील बराच वेळ दाव्याशी खटपट करत राहिले. शेवटी म्हणाले, "तुले जसं बरं वाटते तसं कर, वैनी. मी काई म्हणत नाई."

माझी आई कुडाच्या पलीकडे शेणाचे गोळे करत होती. तिनं हे शब्द जसेच्या तसे ऐकले. मरायच्या दोन वर्षं आधी तिनं मला ते सांगितले, तेही मी तिचे पाय दाबत असताना, भिंतीकडे तोंड करून.

एकविसाव्या दिवशी उजाडताच गोकुळा धुऱ्यावर गेली. सगळं गाव धानकापणीला शिवारात होतं, त्यामुळे लपवायचा प्रश्न नव्हता, आणि तिला लपवायचंही नव्हतं. बाभळीचा लांब काटा घ्यायचा, तो गाठीच्या पोटात घालायचा, हळूहळू हलवून सूत ढिलं करायचं, मग नखांनी सोडायची. एका काडीला दोन गाठी. दीडशेच्या वर काड्या. शेजारच्या बांधीतल्या बायका कापता कापता वर बघत. एकजण ओरडली, "विळा घे ना वो, काप फटाफट!" तिनं मान हलवली. लटारूच्या हातची गाठ विळ्यानं तोडायला ती तयार नव्हती. दुपारपर्यंत तिची बोटं रक्ताळली. काटे तीनदा बदलले. पाणी प्यायलाही ती खाली उतरली नाही. एका झाडावरून उतरायची ती दुसऱ्यावर चढण्यापुरतीच.

शेवटच्या काही झाडांवर पाखरं निघायला सुरुवात झाली होती. एका काडीवर तर एक नुकतंच बाहेर येऊन पंख वाळवत बसलेलं होतं. तिनं ते चिमटीत चुरडलं आणि पुढची गाठ धरली. दिवस कलताना सगळ्या काड्या दोन डाल्यांत भरून तिनं बोडीवर नेल्या आणि दगड ठेवून पाण्यात बुडवल्या, म्हणजे आत जे काही होतं ते आतच मरावं. बोडीवर जाळी धूत असलेल्या माणसांनी ते पाहिलं. तिच्या खांद्यावर सुताचा जो गुंता होता, तोही पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजीच्या ओट्यावर पंच बसले. गोकुळाला बोलावलं. वडीलही आले, एका कडेला उकिडवे बसले.

"पाट लावाचा हाय का तुले, बाई?" देवाजीनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाई."

"मंग गाठी काऊन सोडल्या?"

तिनं पाखराचं सांगितलं. अंडं, अळी, कोष, झाकण, सगळं सांगितलं. एक काडी फोडून आतला कोष हातावर ठेवून दाखवला. तो या हातातून त्या हातात फिरला. एका पंचानं तो उन्हात धरला आणि म्हणाला, "एवढुशा पाखरासाठी लटारूच्या गाठी सोडल्या हिनं?" चारदोन माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, पाखराचं निमित्त बरं सापडलं.

"भाऊजीले इचारा," गोकुळा म्हणाली. "मी त्यायले इचारून सोडल्या."

सगळे वडिलांकडे वळले. वडिलांनी पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढली. मग म्हणाले, "मी कुठी सांगतलं? मी काई म्हटलं नाई."

शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याची जास्त चीड येते. धडधडीत खोटं बोलले असते तर कधीतरी पस्तावले तरी असते. मी वडिलांची बाजू घेऊन पाहिली आहे, पुष्कळदा. तरुण होते, देवाजीला घाबरत होते, भाऊ जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांनी आधीपासून काही योजलं असेल असं मला आजही वाटत नाही. पण एकदा गप्प बसल्यावर त्या गप्प बसण्यातून अठ्ठावीस झाडं मिळतात हे त्यांना कळलं, आणि मग ते उभ्या जन्मात बोलले नाहीत.

गोकुळानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. माझी आईही तिथे होती, बायकांच्या मागे, खांबाला टेकून. गोकुळाची नजर तिच्यावरूनही गेली. देवाजीनं निकाल दिला, लटारूच्या घरावर, शेतावर आता तिचा शब्द नाही. ती म्हणाली, "बरं हाय. पण आता फांद्यायले हात लावू नका, जेठापर्यंत." आणि कुरखेड्याची वाट धरली. सोबत एक गाठोडं होतं. कुणी सोडायला गेलं नाही.

त्या जेठात आमच्या धुऱ्यावर जशी लाख आली तशी पुन्हा कधी आली नाही, असं म्हातारे सांगत. बोटभर जाडीची, सलग. त्याच वर्षी पलीकडच्या गावात एकानं आमचं बघून लाख केली होती, काड्या उतरवल्या नव्हत्या. त्याची पाखरानं भुसकट करून टाकली. ते बघून वडील समजायचं ते समजले. पुढे दरवर्षी ते विसाव्या दिवशी काड्या उतरवत, आणि लोकांना बजावत, "इस दिवसात काडी काढा, नाई तं बोंब माराल." कुणी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणत, अनुभवानं. त्या लाखेवर आमच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, चढली, त्याच लाखेवर मी वडशाला शिकायला राहिले, मास्तरीण झाले. चिखलटोल्याची पहिली मास्तरीण म्हणून माझ्या गळ्यात हारही घातला होता लोकांनी.

मोठ्या मायनं पाट लावला नाही. भावाच्या घरी राहिली, म्हणजे झोपायपुरती. लोकांच्या झाडांवर लाख बांधायला, उतरवायला ती गावोगाव फिरे, आणि जिथे जाई तिथे काड्या फोडून लोकांना कोष दाखवी. आई गेल्यावर मी तिला भेटायला गेले. तेव्हा ती साठीकडे झुकली होती. रानाच्या कडेला, कुणाच्या तरी पळसांपाशी सापडली. मी सांगितलं, आई वारली. तिनं हातातली काडी खाली ठेवली.

मी तिला सगळं सांगून टाकलं. वडिलांचं गोठ्यातलं बोलणं, कुडामागे आई होती, तिनं ऐकलं होतं, पंचांसमोर ती उभी होती आणि एक शब्द बोलली नाही. माझं सगळं शिक्षण त्या लाखेवर झालं, हेही सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती, आणि कुठेतरी हलकंही वाटत होतं, की अखेर मी खरं बोलले.

"मले माहीत व्हतं," मोठी माय म्हणाली. "तुही माय कुडाच्या मांगं व्हती. तिच्या बांगड्या आयकू आल्या व्हत्या मले."

"माहीत होतं? मग पंचांत तिचं नाव का नाही घेतलंस, मोठी माय? शपथ घालून विचारलं असतं तर तिला बोलावं लागलं असतं. तुझं घर राहिलं असतं."

"घर राह्यलं असतं माहं. आन् तिचं?" ती म्हणाली. "तिले सहावा महिना चालू व्हता. चार लोकायसमोर नवऱ्याले खोटं पाडलं असतं, तं इस्तारीनं तिले त्या घरात ठेवलं असतं का? पोट घेऊन कुठी गेली असती थे? मले तं माहेर व्हतं. तिले तं थेबी नव्हतं."

सहावा महिना. मी त्याच फाल्गुनात जन्मले. हिशेब मला करावा लागला नाही.

मी तिथेच धुऱ्यावर बसले आणि आईसाठी आणलेलं सगळं रडू मोठ्या मायसाठी रडले.